अन्वरभाई मला चहाला का पाठवायचे

अन्वरभाई गेले हे सांगणारा फोन अनोळखी नंबरवरून आला आणि मी तो अर्ध्यातच कापला. हल्ली कोण कुणाच्या नावानं काय सांगेल, भरवसा नाही. पुन्हा फोन वाजला. त्यांची मुलगी रडत म्हणाली, “काका, खरंच सांगतेय, अब्बा गेले...” तेव्हा कुठे विश्वास बसला. माझा स्वभावच असा आहे आणि त्याचा सगळ्यात जास्त जाच अन्वरभाईंना झाला.

पंचवटीत माझं टायपिंगचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, दिंडोरीकडच्या बागायतदारांची द्राक्षपेट्यांवरची लेबलं. सगळं काम एका जुनाट कॉम्प्युटरवर, कारण माझे जुने मराठी फॉन्ट नव्या मशीनवर धड उमटत नाहीत. हे मशीन दरवर्षी दसरा झाला की रुसायचं. बटण दाबलं की पंखा घरघरायचा, पडदा उजळायचा आणि चार-पाच सेकंदांत सगळं गप्प. मग दुरुस्तीला अन्वरभाई यायचे. आमची अठरा वर्षांची ओळख. बॅग खाली ठेवून म्हणायचे, “भाऊ, तुम्ही जरा दोन चहा घेऊन या ना. तवर बघतो मी.” मी परत येईपर्यंत मशीन चालू. काय झालं होतं विचारलं तर उत्तर एकच, “काय नाय भाऊ, धूळ.” पैसे विचारले की हात जोडायचे.

इथेच माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. धूळ बाराही महिने असते, मग मशीन ऐन दिवाळीच्या गर्दीतच का बंद पडतं? फुकट काम करणारा माणूस मला बाहेर का धाडतो? आतला चांगला पार्ट काढून हा जुना बसवत असणार, अशी माझी जवळजवळ खात्री झाली. एका वर्षी मी मुलीची नेलपॉलिश आणली आणि आतल्या प्रत्येक पार्टवर बारीक लाल टिपका दिला. त्या दिवशी चहा आणला तेव्हा अन्वरभाई झाकण लावत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, “भाऊ, तुमचे टिपके जागच्या जागी हायेत हां. बघून घ्या.” मी काहीतरी बोलून हसण्यावारी नेलं. लाज वाटली, नाही असं नाही. पण ज्याला टिपका दिसला त्याला दुसरा टिपका देता येतोच की, हेही मनात आलंच. पुढल्या वर्षीही ते आले, तितक्याच आपुलकीनं.

यंदा ते गणपतीनंतर गेले. दसरा झाला, आणि आठवड्याभरात मशीन पुन्हा तसंच बंद पडलं. आता मात्र संशय घ्यायला माणूस नव्हता. मी पेटी रिक्षात घालून कॉलेज रोडच्या एका दुकानात नेली. तिथल्या मुलीनं झाकणही उघडलं नाही. बटणावर नुसतं नख फिरवलं आणि म्हणाली, “काका, हे आत चिकटलंय. बटण दाबलेलंच राहिलं की मशीन चार-पाच सेकंदांत बंद होणारच. आणि हे लाल काय, कुंकू?”

कुंकूच होतं. दसऱ्याला मशीनची पूजा करताना ओलं हळदकुंकू मी नेमानं बटणालाच लावतो. सुरुवात तिथून होते, म्हणून पहिला मान त्याला. अन्वरभाई दरवर्षी मला बाहेर पाठवून ते साफ करत होते.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मला माहीत होतं. अन्वरभाईच म्हणाले होते एकदा. वहिनी, भाऊंना कुंकू वरच्या पत्र्याला लावायला सांगा, बटणाला नको. पण माझं नाव घेऊ नका, पूजेचं मी बोललो तर त्यांना भलतंच वाटेल.”

“मग सांगितलं का नाहीस मला?”

“सांगितलं होतं. तुम्ही विचारलंत, हे तुला कोणी शिकवलं?”

...विचारलं असणार. मीच विचारलं असणार.