मशीनची बोटं

आमच्या गवत कापायच्या मशीनला बोटं आहेत. ट्रॅक्टरच्या मागून एका बाजूला निघणारा लांब लोखंडी दांडा, त्याला समोरून टोकदार दाते, आणि त्या दात्यांतून डावी-उजवी धावणारं पातं. दुकानदार दात्यांना फिंगर म्हणाला होता. आई बोटं म्हणाली, मग घरात सगळेच तसं म्हणू लागले.

हे शांतपणे लिहावं असं मी ठरवलं होतं. जमेल असं वाटत नाही.

कॉलेजात गेलेली आमच्या घरातली मी पहिलीच. शहरात, नंदनवन भागात दोन मैत्रिणींसोबत खोली घेऊन राहते, रविवारी कामठीवरून पुढे गावी जाते. त्या रविवारी म्हशींसाठी गवत कापायचं होतं. शेतात दगड वर आले होते, म्हणून कापण्याआधी दांडा थोडा उंच करणं भाग होतं. दांड्याखाली एक लोखंडी घसरपट्टी असते. तिचा बोल्ट काढून खालच्या भोकात बसवला की दांडा जमिनीपासून वर राहतो. एवढंच काम. पण भोकं आतल्या बाजूला, पात्याला लागून. बाबांचा हात तिथे जात नाही. आईचा जातो.

मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पोचले तेव्हा ट्रॅक्टर धडधडत होता. बाबा सीटवर होते. मोठेबाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, पान्हा घेऊन उभे होते. आणि आई उकिडवी बसून दोन दात्यांच्या मधून हात आत घालत होती. दांडा हायड्रॉलिकवर अधांतरी उचललेला. खाली एक लाकूडसुद्धा नाही.

"बाबा, ट्रॅक्टर बंद करा ना," मी म्हणाले.

"न्यूट्रल आहे," बाबा म्हणाले.

"बंद केला तं चालू कोन करीन?" मोठेबाबा म्हणाले. "बॅटरी मेली आहे. तू ढकलशीन?"

"पण आईचा हात..."

"लहानीची बोटं बारीक आहेत. मशीनसाठीच देल्ली देवानं."

आईला ते लहानी म्हणतात, धाकट्या भावाची बायको म्हणून. ते हसले. आई पण हसली. हे कौतुक होतं. आमच्याकडे तिच्या वाट्याला येणारं कौतुक असंच असतं.

मी पुन्हा म्हणाले. बंद करा, एवढंच म्हणायचं होतं, आणि मी म्हणाले, "म्हणजे, थोडा वेळ बंद केला तर बरं होईल."

"काय वं बाई, कॉलेजात हेच शिकवून राहिले का तुले? बापाले ट्रॅक्टर शिकवाले?" मोठेबाबा म्हणाले.

न्यूट्रल. म्हणजे पातं इंजिनला जोडणारा, बाबांच्या गुडघ्याजवळचा एक दांडका. त्याला धक्का लागला, तो नीट बसलेला नसला, बाबांनी मागे वळून पाहताना पाय सरकवला, की पातं धावणार. म्हैस लंगडली तर त्याच दिवशी डॉक्टर येतो. पातं तुटलं तर दोघे भाऊ जेवत नाहीत. आणि बॅटरी बदलत नाहीत, कारण ढकलायला माणसं आहेत आणि आत घालायला आईची बोटं आहेत.

मी पायदानावर चढले आणि स्टॉपची दांडी ओढली.

इंजिन दोनदा खोकलं आणि मेलं. बाबांनी माझा हात धरला नाही. धरू शकले असते.

"अबे, पाहून काय राहिला गा!" मोठेबाबा बाबांवर ओरडले. "पोरीनं बंद केला अन् तू मुका!"

मला सगळ्यात जास्त राग आला तो आईचा. हात आतच ठेवून ती म्हणाली, "काहून बंद केला वं? आता होत आलं होतं."

"हात काढ," मी ओरडले. आईवर मी कधी ओरडले नव्हते. "हात काढ आधी!"

तिने काढला.

मी बाभळीचे दोन ओंडके ओढत आणले आणि दांड्याखाली सरकवले. बाबांनी दांडा त्यांच्यावर उतरवला. मग आईनेच बोल्ट घातला, कारण दुसऱ्या कुणाचा हात जातच नव्हता. ती उठल्यावर बाबांनी मशीनचं, पातं हलवणारं चाक हाताने फिरवून पाहिलं, पातं कुठे अडतं का म्हणून. पातं सरकलं. दात्यात अडकलेली गवताची जाड काडी कट्‌कन तुटून खाली पडली. जिथे आईची बोटं होती तिथेच. हाताने फिरवलेलं, इंजिन बंद असताना.

आईने काडीकडे पाहिलं.

मग दांडा हातांनी उभा करून ट्रॅक्टर ढकलला. शेत नाल्याकडे उतरतं म्हणून सुरू झाला. मोठेबाबा ढकलतानाही मला शिव्या घालत होते आणि मी दात आवळून ढकलत होते. माझं बरोबर होतं म्हणून आनंद वगैरे काही झाला नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी चोरासारखी दांडी ओढावी लागली, याचाच राग येत होता.

दोन पट्टे कापून झाले आणि मशीनच्या बोटांत ओलं गवत गुंडाळलं गेलं. बाबा थांबले. आई विळा घेऊन दांड्यापाशी गेली, आणि नुसतीच उभी राहिली.

"काढ ना लहाने," मोठेबाबा म्हणाले.

मोठ्या दिराशी आई तोंड वर करून बोलत नाही. तिने बाबांकडे पाहिलं.

"बंद करा जी. मंगच हात घालीन."

"बाप्पा! हे बी कॉलेजात गेली का?" मोठेबाबा म्हणाले.

आई हलली नाही. इंजिन धडधडत राहिलं. शेवटी बाबांनी दांडी ओढली, आणि मोठेबाबा आम्हा दोघींना घरभर पुरतील एवढ्या शिव्या देत ढकलायला मागे आले.