गाऱ्हाण्यापुरता श्वास

डॉक्टर म्हणाले, छातीत पावडर सोडावी लागेल, आणि मी शहाणी खाली दुकानात जाऊन गुलाबाच्या वासाच्या पावडरचा डबा घेऊन आले. मोठ्यातला मोठा. तो डॉक्टरांच्या हातात दिला आणि एवढी पुरेल ना, असंही विचारलं. तेव्हा मी साठी ओलांडलेली, दोन सुनांची सासू. अक्कल तेवढी यायची राहिली होती. डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी हसू गिळलं. कॉटवर बसलेल्या थोरलीनं मात्र डबा ओढून घेतला, तोंडाला पावडर फासली आणि दम खात म्हणाली, "उद्या मेलेच तर तो पलीकडचा बघाय येईल. त्याला मी फिकट दिसाय नको."

थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ, आणि पलीकडचा म्हणजे आमचा चुलत दीर. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात आमची वाडी. तिथं या दोघांच्या अंगणांमध्ये एक दगडी गडगा. या दिराचं नाव तिनं कित्येक वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं. काढायचं कारणच पडत नव्हतं, सगळं बोलणं त्याच्याबद्दलच असायचं.

त्यामागचं कारण असं. शिमग्यात गावदेवाची पालखी घरोघर फिरते आणि पहिली टेकते ती आमच्या थोरल्या घरी. तो पिढ्यांचा मान. थोरलीचा नवरा गेला, पोटी एकच लेक, तीही मुंबईत दिलेली. त्या वर्षी चुलत दिरानं उभ्या गावात सांगितलं, की पुरुष नाही त्या दारात पहिली पालखी टेकत नाही, आणि ती आपल्या अंगणात वळवून घेतली. आमच्या ह्यांनी मुंबईहून निरोप धाडला, वाद नको. आणि मी काय केलं? नवी साडी नेसले, ओटीचं ताट घेतलं आणि पालखीमागून त्याच्याच अंगणात गेले. वर त्याच्या घरचा चहा प्यायले. परत आले तर थोरली उंबऱ्यावर बसलेली. रडली नाही, भांडली नाही. एवढंच विचारलं, "साखर बरी व्हती का गो?" त्यानंतर वर्षभर तिनं मला बिनसाखरेचा चहा पाजला.

तिचा सूड असा सावकाशीचा असे. गडग्याला चिकटून तिनं फणस लावला, तो फळांसाठी नव्हे. झाड वाढलं तशी पानं पलीकडच्या अंगणात पडू लागली. तो सकाळी झाडू घेऊन बाहेर आला, की ही ओटीवर पाट टाकून बसायची आणि समाधानानं मशेरी लावायची. त्याच्या कुत्र्याला भाकरी घालून घालून तिनं इतकं आपलंसं केलं, की ते हिच्या दारात झोपायचं आणि धनी दिसला की भुंकायचं. मी एकदा म्हटलं, मुक्या जनावराला कशाला मधे घेता? तर म्हणाली, "त्याला माणसाची पारख हाय, मी काय करू?"

पण हे सगळे वरवरचे खेळ. खरी तयारी गाऱ्हाण्याची होती. शिमग्यात सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यापुढं, देवाला गाऱ्हाणं घालतात आणि प्रत्येक मागण्याला गाव "व्हय म्हाराजा" म्हणतं. हे पुरुषांचं काम, आणि मध्ये खंड पडू द्यायचा नाही. तुटलं ते गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, असं आमच्याकडं मानतात. थोरली आपलं गाऱ्हाणं भात कांडताना, गोवऱ्या थापताना पुटपुटायची. दरसाल त्यात भर पडे. मी ऐकलं तेव्हा दिरासाठी साप, वीज आणि मूळव्याध इतकं जमलं होतं.

आणि मग तिच्या छातीत पाणी झालं. दोन शब्द बोलली की श्वास संपायचा. महाडला सुई घालून पाणी काढलं, ते पुन्हा भरलं. पुन्हा काढलं, पुन्हा भरलं. महाडजवळ सव गावी गरम पाण्याचं कुंड आहे, त्यात बसवून आटवू या, हा सल्ला माझा. तो कुणी ऐकला नाही हे तिचं नशीब. शेवटी लेकीनं मुंबईला नेलं, सोबतीला मी. तिथं कळलं की मूळ दुखणं कॅन्सरचं. ते बरं होणारं नव्हतं, डॉक्टरांनी तसं तिला स्पष्ट सांगितलं. पाणी मात्र थांबवता येईल म्हणाले. फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामधल्या फटीत पाणी साठतं. तिथं औषधासारखी शुद्ध केलेली टाल्क पावडर मिठाच्या पाण्यात कालवून नळीनं सोडायची. ती आत आग करते, सूज आणते, आणि त्या सुजेनं दोन्ही पदर एकमेकांना चिकटून बसतात. मग पाण्याला जागाच उरत नाही.

थोरली लक्ष देऊन ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे जळल्याबिगर चिकटत नाय. करा. मला शिमग्यापतूर येका दमात बोलाय आलं पायजे."

पावडर आत गेली आणि दुखायला लागलं. नर्स म्हणाल्या, आजी, देवाचं नाव घ्या. कूस बदलताना थोरलीनं दात आवळले आणि नाव घेतलं ते चुलत दिराचं, आडनावासकट. मी इतक्या वर्षांनी ते तिच्या तोंडून ऐकलं. पुढं ताप आला, उतरला, नळी निघाली. पाणी पुन्हा भरलं नाही. घरी आल्यावर ती पहिल्यांदा मला सलग शिव्या देऊ शकली, तेव्हा आम्ही दोघी रडलो.

शिमग्याला सहाणेवर गाव जमलं. गुरवानं गाऱ्हाणं संपवलं आणि रीतीप्रमाणं विचारलं, अजून कुणाचं काही मागणं? काठीच्या आधारानं थोरली उठली. चुलत दीर समोरच उभा, पांढराफटक. मला वाटलं, आता साप आणि वीज.

"देवा म्हाराजा, ह्या माज्या दिराला लई आयुष्य दे."

सवयीनं गाव म्हणालं, "व्हय म्हाराजा."

"त्याचे हातपाय धड ठेव, डोळं धड ठेव."

"व्हय म्हाराजा."

"आन जवर तो जिता हाय, तवर दरसाल त्याच्याच खांद्यावरनं तुजी पालखी पयली माज्या दारात येऊ दे."

"व्हय म्हाराजा." म्हणून गेल्यावर गावाच्या ध्यानात आलं, आपण कशाला हो म्हटलं ते. म्हणणाऱ्यांत तोही होता, त्याचा आवाज मी ओळखला. देवापुढं गावानं म्हटलेलं मागं घेता येत नाही. थोरली खाली बसली. मध्ये एकदाही थांबली नव्हती.

त्या वर्षी पालखी तिच्या दारात टेकली. ओटी तिनं स्वतः भरली, आणि जाताना दिराला चहा दिला, भरपूर साखर घालून. पावसाळा संपता संपता ती गेली.

पुढच्या शिमग्याला घर बंद. पालखी तरीही आली, पुढच्या खांद्याला तोच, धापा टाकत. पालखीची ओटी मी भरली, तिच्या वाटची. पालखी पुढं निघताना त्यानं दांडा दुसऱ्याच्या खांद्यावर दिला, तिच्या बंद दाराकडं पाहिलं आणि मला म्हणाला,

"वयनी, खांद्याला वजन घेऊ नको म्हणून डॉक्टरनं सांगितलंय मला. पण हिनं मागून ठेवलंय आन गावानं व्हय म्हटलंय. आता मी मरू तरी कसा?"