दोन किलोची पेज

शनिवार, पहाटेचे पावणेपाच. कुवेतच्या मुरगाब भागातल्या एका जुन्या मातीच्या घरात बदरुद्दीन तांदळाच्या पिंपापुढे उभा होता. एका हातात तराजू होता आणि दुसरा हात फळीवर वजनं चाचपत होता. एक एक किलोची दोन लोखंडी वजनं. फळीवर दोन्ही नव्हती.

हा ओळीनं तिसरा शनिवार. पहिल्या शनिवारी एकच वजन गेलं होतं, नंतर दोन्ही. संध्याकाळी ती आपोआप जागेवर येत. बदरुद्दीननं बावीस वर्षं इंग्रजी मालवाहू जहाजांवर भंडारी म्हणून, म्हणजे स्वयंपाकी म्हणून काढली होती. तोलल्याशिवाय तांदूळ भिजवणं त्याला उघड्या डोक्यानं नमाज पढण्यासारखं वाटे. त्यानं नाइलाजानं ओंजळीनं तांदूळ घेतले.

साल १९६६, महिना सप्टेंबर. घरात जयगडच्या खाडीकाठच्या एकाच गावची नऊ माणसं राहत. घर जमातीचं होतं. गावात जशी जमात लग्नापासून दफनापर्यंत सगळं ठरवते, तशी इथंही ठरवत असे. दर शुक्रवारी, जुम्याच्या नमाजानंतर, बैठक बसे, हात वर होत, आणि आठवडाभर कोणत्या दिवशी काय शिजेल ते ठरे. जमातीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, होते उस्मानभाई. वय साठ, नोकरी सरकारी गोदामात, इंग्रजी वाचता येणारे घरातले एकटेच.

आठ आठवड्यांपूर्वी याच बैठकीपुढे यूसुफचा आजार आला. यूसुफ एक्केचाळीस वर्षांचा, शुवैख बंदराच्या गोदामात वजनकाट्यावर कामाला. पोत्यात पाव किलोचा फरक असला तरी ट्रक परत पाठवणारा माणूस, म्हणून व्यापाऱ्यांत नावडता. त्याच्या मानेत गाठी आल्या आणि सरकारी हॉस्पिटलनं कॅन्सर सांगितला. इलाज म्हणजे विलायतेहून आलेल्या नव्या औषधाची बारा इंजेक्शनं, दर शनिवारी एक. डॉक्टर त्याला केमोथेरपी म्हणाला. घरात त्याचं नाव ‘कोर्स’ पडलं.

पहिल्या इंजेक्शनबरोबर हॉस्पिटलनं एक कागद दिला. तो उस्मानभाईंनी बैठकीत मोठ्यानं वाचला. दर दोन तासांनी थोडं थोडं खावं. अंडी, मासे, मटण, दूध, जे खाववेल ते द्यावं. कसलंही पथ्य नाही.

शेवटच्या वाक्याचा अर्थ सगळ्यांनी एकच घेतला. गावाकडे डॉक्टर एकाच प्रसंगी असं बोलतो. ‘काय मागंल ते खायला द्या’ असं वैद्यानं सांगितलं की घरातल्या बायका पदर डोळ्यांना लावतात आणि पुरुष कफनाचं कापड बघायला जातात.

“डॉक्टरनं हात टेकले,” उस्मानभाई हळू आवाजात म्हणाले. “पण आपण टेकायचे नायत. जो वाचणार असतो त्याला पथ्य असतं. आपण पथ्य पाळू.”

मग प्रत्येकानं आपापल्या आईची आठवण काढली. अंडं गरम पडतं. मासा आणि दूध एका दिवशी नको. मटण पचायला जड. ताकानं सर्दी होते. जो पदार्थ एकाच्या यादीतून वाचला तो दुसऱ्याच्या यादीत अडकला. अखेर तांदळाची पेज उरली. हात वर झाले. आठ विरुद्ध शून्य. यूसुफ तेव्हा मोरीत उलटी करत होता, त्यामुळे त्याचं मत मोजलं गेलं नाही. बदरुद्दीननंही हात वर केला होता. जहाजावर कप्तानाशी वाद घालत नाहीत.

एक्कावन्न किलोचा यूसुफ चौथ्या इंजेक्शनला सत्तेचाळीसवर आला. डॉक्टरनं बजावलं, पंचेचाळीसच्या खाली गेलास तर कोर्स बंद, शरीराला झेपणार नाही. त्यानंतर मात्र वजन सत्तेचाळीसवर जे थांबलं ते हललं नाही. तीन आठवडे सत्तेचाळीस. जमातीनं पेजेचं श्रेय घेतलं. उस्मानभाईंनी यूसुफच्या बायकोला, सुगराला, तसं पत्रही लिहिलं. यूसुफच्या बेल्टला दोन नवी भोकं पाडावी लागली होती, पण भोकं कुणी बैठकीपुढे मांडली नाहीत.

त्या शनिवारी यूसुफ सहाच्या बसनं निघाला आणि पेजेचा थर्मास विसरून गेला. तसा तो दर शनिवारी विसरत असे. बदरुद्दीननं भात उतरवला आणि थर्मास घेऊन पुढची बस पकडली.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाकावर यूसुफ बसला होता. सप्टेंबरच्या उकाड्यात अंगात लोकरी कोट. कोटाचे दोन्ही खिसे गुडघ्याकडे ओढले गेले होते. बदरुद्दीनला जागा द्यायला तो सरकला, तेव्हा बाकावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला. हा आवाज बदरुद्दीन ओळखत होता. रोज पहाटे ऐकत होता.

“थंडी वाजते काय रे?”

“थोडी,” यूसुफ म्हणाला. कपाळावरून घाम गळत होता.

“दोन किलोची?”

यूसुफनं दोन्ही खिशांवर हात ठेवले. ओठांच्या कडांना फोड आले होते, बोलायलाही त्रास होत होता. मग म्हणाला, “मामू, अजून पाच इंजेक्शनं हायत. आता बंद केलं तर पहिली सात फुकट. एवढी होऊ दे. तू काय बघितलं नायस.”

त्याचं नाव पुकारलं गेलं. केरळी नर्सनं त्याला काट्यावर उभं केलं, आकडा वाचला आणि शेजारच्या कागदावर गुणाकार करू लागली. बदरुद्दीननं मोडक्या हिंदीत विचारलं, हा हिशोब कसला.

“दवाई का,” नर्स म्हणाली. “जितना किलो, उतना दवाई.”

बदरुद्दीननं थर्मास खाली ठेवला. काट्यापाशी गेला, यूसुफच्या एका खिशातून एक वजन काढलं, दुसऱ्यातून दुसरं, आणि दोन्ही नर्सच्या टेबलावर मांडली. काटा खाली आला. पंचेचाळीस किलो, शंभर ग्रॅम.

“तीन हप्ते लोखंडाला औषध पाजतोयस, गाढवा,” तो म्हणाला. “त्याला कुठं गाठ आली होती?”

नर्सनं तोंड वळवलं. हसली की रागावली ते कळलं नाही. डॉक्टर आला तो मात्र नक्की रागावलेला होता. जादा डोसानं तोंड सोललं आहे, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या आहेत, असं तो म्हणाला. औषध खऱ्या वजनाप्रमाणे दिलं. पुढच्या शनिवारी, कोट न घालता, पंचेचाळीसच्या खाली आलास तर कोर्स बंद, हेही पुन्हा सांगितलं. मग त्यानं विचारलं की हा माणूस खातो काय. बदरुद्दीननं थर्मास उघडून दाखवला. डॉक्टरनं आत पाहिलं आणि विचारलं, हे भांडं धुतलेलं पाणी आहे का?

परतीच्या बसमध्ये बदरुद्दीन म्हणाला, “उभं आयुष्य दुसऱ्यांची खोट्या वजनाची पोती पकडलीस.”

“म्हणून तर ठाऊक होतं, वजन कुठं लपवायचं.”

“आणि पेज? आवडत नाय म्हणून बोलायचंस तरी.”

“आठ माणसं माझ्या जिवासाठी एकमतानं बसली, मामू. मी काय सांगू, मला वास सहन होत नाय?”

बदरुद्दीन विचार करत घरी आला. ठराव फिरवायचा तर पुढच्या जुम्यापर्यंत थांबावं लागलं असतं, आणि शनिवार त्याच्या दुसऱ्याच दिवशी. शिवाय ‘कसलंही पथ्य नाही’ हे वाक्य बैठकीत पुन्हा वाचलं असतं तर या वेळी कुणीतरी खरोखरच कफनाच्या कापडाची चौकशी केली असती. ठराव पेजेचा होता. पेजेत काय असावं याबद्दल ठराव काही बोलत नव्हता.

जहाजावर समुद्र लागलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना त्यानं आठ आठ दिवस जगवलं होतं. त्यांना गरम काही चालत नसे, वासानंच पोट उलटे. थंड, थोडं आणि वारंवार, हा त्याचा नियम. हॉस्पिटलच्या कागदावर तोच नियम होता, फक्त टाइप केलेला.

त्या दिवशी त्यानं यूसुफला काही आवडीचं दिलं नाही. मळमळीच्या दिवशी ओकलेला पदार्थ माणूस पुढे महिनाभर तोंडाला लावत नाही, हे त्याला अधिकाऱ्यांनी शिकवलं होतं. थंड दुधाचे घोट आणि भिजवलेला पाव, एवढंच. रविवारपासून पेज मटणाच्या रश्शात शिजू लागली. रस्सा आधी निवून घेऊन वरची चरबी काढायची, म्हणजे वास राहत नाही. दुपारच्या पेजेत उकडलेलं पापलेट काटे काढून घोटलेलं. संध्याकाळच्या पेजेत दूध पावडर आणि दोन अंडी, फोडून पुरती शिजवलेली. प्रत्येक वेळी वाटी लहान, पेज थंड आणि रंग पांढरा. खाण्याआधी व नंतर नर्सनं सांगितल्याप्रमाणे मीठ-सोड्याच्या पाण्यानं चुळा. पहिले दोन दिवस निम्मं उलटून पडलं. बदरुद्दीननं मोरी धुतली आणि अर्ध्या तासानं पुन्हा वाटी भरली.

“आज कसली?” यूसुफ दबक्या आवाजात विचारे.

“पथ्याची. गिळ.”

मंगळवारी उस्मानभाईंनी वाटीत डोकावून पाहिलं. “जरा दाट दिसते.”

“तांदूळ नवा हाय,” बदरुद्दीन म्हणाला.

गुरुवारी सुगराचं पत्र आलं. उस्मानभाईंनी ते उघडलं, मनातल्या मनात वाचलं आणि घडी करून खिशात घातलं. बदरुद्दीननं मजकूर विचारला. “खुशाली,” ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, “लिहिते की यूसुफला लहानपणापासून पेज आवडत नाही, जबरदस्ती करू नका. बाईमाणसाला काय कळतं? आता तर वाटी चाटून खातो.”

शुक्रवारी बैठक झाली. यूसुफच्या तब्येतीचा विषय निघाला. चार दिवसांत गालांवर जरा तेज आलं आहे, असं सर्वांचं मत पडलं. पेज पुढंही चालू ठेवावी, आणि गावाकडे कुणी आजारी असल्यास हाच इलाज कळवावा, असा ठराव झाला. नऊ विरुद्ध शून्य. या वेळी यूसुफ हजर होता. त्यानंही हात वर केला.

संध्याकाळी दोघं कोपऱ्यावरच्या इराणी दुकानदाराकडे गेले. तिथं पोती तोलायचा मोठा काटा होता. यूसुफनं त्यावर उभं राहण्याआधी बदरुद्दीनकडून दोन्ही वजनं मागून घेतली, काट्यावर ठेवली, आकडा पाहिला. काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवत होता. दुकानदाराला त्यानं तसं सांगितलं. दुकानदाराला ते आवडलं नाही. मग यूसुफ चपला काढून उभा राहिला. काटा शेहेचाळीस किलो म्हणाला.

“पंचेचाळीस-आठशे,” यूसुफनं दुरुस्ती केली.

उद्या शनिवार. पावणेपाचला बदरुद्दीन नऊ माणसांचे दोन किलो तांदूळ तोलेल. दोन्ही वजनं फळीवर आहेत. साडेसातला यूसुफ हॉस्पिटलच्या काट्यावर उभा राहील. लोकरी कोट दाराआडच्या खुंटीला आहे, खिसे उलटे काढलेले.