बिराजदारबाईंच्या शेजारची जागा

चौथा तास उल्काला ऑफ आहे. म्हणजे, म्हणायला. सुपरवायझर घोंगडेसर बदली तास गळ्यात मारायला कधीही टपकतील. अंगात कणकण आहे, कंबर ठणकतेय आणि सकाळपासून ती लघवीला गेलेली नाही. जायलाच लागू नये म्हणून पाणी प्यायचं नाही, हे शाळेतल्या बायांचं शहाणपण. कसलं डोंबलाचं शहाणपण! त्याच्यापायी गेल्या दिवाळीत बिराजदारबाईंच्या किडन्या निकामी झाल्या आणि बाई गेल्या. "तुमचंही त्याच वाटेनं चाललंय," असं डॉक्टरांनी उल्काला परवाच बजावलंय.

ती स्टाफरूममधल्या टेबलावर डोकं टेकते. डोळा लागतो न लागतो तोच शेजारची खुर्ची सरकते.

"अगं, अजून इथंच तू?"

बिराजदारबाई. तीच जांभळी इरकल, केसांत अबोली. उल्का गडबडून उभी राहते.

"बाई, घोंगडेसर येतील..."

"येऊ देत. तू आधी जाऊन ये."

उल्का निघते. व्हरांडा काही संपत नाही. दोन्ही बाजूंना परीक्षेची बाकं, आणि त्यांवर मुलं नाहीत, शाळेतल्या सगळ्या बाया बसल्यात. माना खाली, ओठ कोरडे. पोटात कळ येते. समोर शौचालयाचं दार दिसतं, ती चालतेय तसतसं मागे जातं. तिला रडूच फुटतं.

"रडतेस काय? ये, बस." बाई आता शेवटच्या बाकावर आहेत. शेजारची जागा त्या पदरानं पुसतात. "तुझ्यासाठीच ठेवलीय."

उल्का मागे सरते. "नको हो बाई! माझी ईरा अजून पाचवीत आहे."

"मग सांग की घोंगडेसरांना."

"पुरुषमाणसाला काय सांगू? लाज वाटते."

"मलाही वाटायची," बाई म्हणतात. "पहिलीतलं पोर बघ कसं बिनधास्त विचारतं." आणि त्या उल्काचा हात धरून वर करतात. बाईंचा हात बर्फासारखा गार आहे.

"मॅडम! ओ मॅडम!"

उल्का डोळे उघडते. दारात घोंगडेसर.

"नववी ब मोकळी आहे, जरा बसता का..." बोलता बोलता ते थबकतात. त्यांची नजर तिच्या हातावर आहे. हात टेबलावर उभा, बाकीची बोटं मिटलेली आणि करंगळी ताठ वर. अंग तापानं फणफणलंय, पण तो हात मनगटापर्यंत गार पडलाय.

उल्का हात खाली घेत नाही.

"सर, मी एकीला जाते. तिथून तशीच दवाखान्यात. नववी ब तुम्ही बघा."

घोंगडेसर दारातून बाजूला होतात.