दोन डिस्कांवरचं आभाळ

सरकवे हे काही त्याचं खरं आडनाव नव्हे. ते सासऱ्यांनी चिकटवलेलं. लग्नाआधी तो पहिल्यांदा त्यांच्या घरी गेला, तेव्हा त्यांनी साधा प्रश्न विचारला होता, "काम काय करता तुम्ही?" आता या माणसाचं काम म्हणजे लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांत डिस्कांची जोडणी आणि वाटणी सांभाळणारं सॉफ्टवेअर लिहिणं. हे वाक्य पुरं होईपर्यंत समोरच्याला जांभई येते, असा त्याचा अनुभव. म्हणून तो म्हणाला, "समजा, शेजारी शेजारी लहान घरं आहेत. मी त्यांचं मिळून एक मोठं घर करतो, आणि आत हव्या तशा खोल्या पाडून देतो. उद्या एखादी खोली अपुरी पडली, की भिंत सरकवतो. आतली माणसं झोपलेलीच असतात. त्यांची कूससुद्धा बदलत नाही."

सासऱ्यांनी चष्मा पुसला. "आणि घरमालक?"

"त्याला पत्ताच नसतो."

"मग तुम्ही सरकवे," असं म्हणून ते लेकीकडे वळले. "चालेल. स्वयंपाकघर लहान आहे म्हणून तुझी कुरकुर असते ना, आता घरच्या घरी सोय झाली."

तेव्हापासून तो सरकवे. बायकोसुद्धा रागावली की त्याच नावानं हाक मारायची.

त्याची कामाची खोली एका धोबीखान्याच्या वर होती. खाली दिवसभर इस्त्र्या चालत, आणि जमिनीतून कोमट ऊब वर येई, जणू एखादं मोठं जनावर खाली पाय मुडपून झोपलंय. दुपारी खिडकीच्या काचेवर वाफ धरायची. त्या ऊबेत त्याला एक विलक्षण सवय लागली होती. जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातून कुणी लिहायचं, की नवीन आवृत्ती बसवल्यापासून आमचा संगणक जागाच होत नाही. मग हा डोळे मिटून तो संगणकच व्हायचा. अंधाऱ्या घरात अनवाणी फिरावं तसा एकेका डिस्कच्या दाराशी जायचा, चाचपायचा, 'तू कोण? तुझा जोडीदार कुठाय?' असं विचारायचा. कुठे तरी एक दार उत्तर द्यायचं नाही. तिथेच चूक सापडायची. बायकोला वाटे, नवरा पगार घेऊन झोपा काढतो. तसं ते अगदीच खोटं नव्हतं.

सोबतीला होता शंकासुर. हा त्याचा सहकारी दूर कुठल्या तरी देशात बसायचा. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. सरकवेनं काहीही लिहून पाठवलं की त्याची शंका ठरलेली. भिंत अर्ध्यावर असताना वीज गेली तर? दोघांनी एकाच वेळी सरकवायला घेतली तर? सरकवे आधी चडफडायचा, मग मुकाट्यानं दुरुस्ती करायचा. शंकासुरानं एकदा 'ठीक' म्हटलं, की ब्रह्मदेवाची हरकत उरत नसे.

आता ही सगळी उलथापालथ खऱ्या डिस्कांवर करून बघायची म्हणजे घरं जाळून अग्निशामक दल शिकवण्यासारखं. म्हणून ही मंडळी खोट्या डिस्क करतात. साध्या फाइलींनाच डिस्क म्हणायचं, आणि सॉफ्टवेअरनं ते बिनतक्रार मानायचं. भातुकलीतल्या बोळक्यात भात शिजतो तसंच हे. सरकवे दिवसातून कितीदा तरी असल्या डिस्क जोडायचा, तोडायचा, फेकून द्यायचा. सॉफ्टवेअर मध्येच विचारायचं, 'इथे आधीपासून काहीतरी आहे, पुसू का?' हा प्रश्न त्यानंच घातलेला. पण चाचणी करताना प्रत्येक वेळी उत्तर कोण देत बसणार? म्हणून चाचणीला त्यानं सगळ्या प्रश्नांना 'हो' म्हणायला शिकवलं होतं.

सासरे हवामान केंद्रावर निरीक्षक होते. नोकरीभर रोज दुपारी त्यांनी केंद्राच्या गच्चीवरून आभाळाचा एक फोटो काढला, आणि निवृत्तीनंतर घराच्या गच्चीवरून. सगळे फोटो दोन डिस्कांवर होते, आणि त्या दोन्ही डिस्क जावयानंच जोडून एक केल्या होत्या. आता त्यांचे डोळे हळूहळू मिटत चालले होते. मधोमध एक धूसर ठिपका पसरत होता, आणि डॉक्टरांनी तो थांबणार नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. म्हाताऱ्यानं एकच मागणं मागितलं, "दिसतंय तोवर सगळं आभाळ एकदा ओळीनं बघून घेऊ द्या."

पण दोनांतली पहिली डिस्क खरखरायला लागली होती. सगळं नव्या डिस्कवर हलवावं, म्हणून सरकवेनं जोडी आपल्या खोलीत आणून कामाच्या संगणकाला लावली. एरवी चाचणीला खऱ्या डिस्क दिसू नयेत म्हणून तो सॉफ्टवेअरमध्येच त्यांच्यापुढे एक पडदा ओढून ठेवायचा. सकाळी सासऱ्यांच्या डिस्क बघायला त्यानं तो पडदा बाजूला केला, आणि तेवढ्यात शंकासुराची एक शंका आली. पडदा पुन्हा ओढायचा राहून गेला. तिचं उत्तर शोधता शोधता दुपार झाली, ऊब आली, आणि सवयीच्या हातांनी चाचणी सुरू केली.

टेबलावर एक हिरवा दिवा लुकलुकला.

सरकवे अर्धवट गुंगीत त्या दिव्याकडे बघत राहिला. छान दिसत होता. मग त्याच्या लक्षात आलं. खोट्या डिस्कांना दिवा नसतो.

त्यानं वायरच उपटली. पण चाचणीनं दुसऱ्या डिस्कवर आपला शिक्का मारला होता, आणि सुरुवातीच्या भागावर थोडं काहीबाही लिहूनही टाकलं होतं. त्यानं शंकासुराला कळवलं. उत्तरात पहिल्यांदाच शंका नव्हती. 'हात खिशात घाला. आधी दोन्हींच्या नकला काढा. जे करायचं ते नकलेवर.'

सासरे जिन्यानं वर आले तेव्हा नक्कल चालू होती.

"तोंड का उतरलंय? लेक काही बोलली?"

"बाबा, माझ्याकडून तुमची एक डिस्क पुसली गेली. पूर्ण नाही."

ते सावकाश खुर्चीत बसले. "म्हणजे आभाळ गेलं?"

"बरंचसं आत आहे. पण आपण कोण, हेच ती विसरलीय. तिचा जोडीदार कोण होता, हे फक्त पहिलीला आठवतंय."

"पहिली म्हणजे ती खोकणारी?"

"तीच."

"आणि पुसण्याआधी तुमचं सॉफ्टवेअर विचारत नाही होय?"

"विचारलं की. माझ्या चाचणीनं हो म्हटलं. तिला मी सगळ्याला हो म्हणायला शिकवलंय."

"वा. मला एका लेकीला नाही शिकवता आलं."

सरकवेला हसावं की रडावं कळेना. दोघं त्या खोकणाऱ्या डिस्कचा आवाज ऐकत बसले. ती मध्येच अडायची, तेव्हा दोघांचाही श्वास अडायचा. मग ती पुन्हा लागायची. खालून वाफेचा सुस्कारा येत होता. सासऱ्यांची मान कलली. सरकवेचेही डोळे जड झाले, आणि त्याला दिसलं की एका लांबच लांब घरात खोल्याखोल्यांतून ढग भरलेत. भिंती मऊ आहेत, ढग एका खोलीतून दुसरीत जाताना उंबऱ्याशी थोडे रेंगाळतात, आणि आपण कुठलंच दार लावत नाही आहोत.

डिस्क गप्प झाली तेव्हा दोघंही दचकून उठले. मेली नव्हती, काम झालं होतं.

मग सरकवेनं पहिलीच्या आठवणीवरून दुसरीच्या नकलेला तिची जुनी ओळख दिली, अक्षरन् अक्षर तीच. दोन्ही नकला जुळल्या. फोटो उघडले. पण एका ठिकाणी भगदाड होतं, आणि त्याच्या पलीकडे पुन्हा सगळं ठीक.

"काही महिने गेले, बाबा. तुमच्या निवृत्तीच्या थोडं आधीचे. ते आता मिळायचे नाहीत."

सासऱ्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "तेव्हा लेकीची आई दवाखान्यात होती," ते म्हणाले. "मी गच्चीवर जायचो, बटण दाबायचो, उतरायचो. वर बघितलंच नव्हतं कधी. म्हटलं होतं, पुढे केव्हा तरी बघू, तेव्हा आभाळ कसं होतं ते."

सरकवेनं संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

"लावा," सासरे म्हणाले. "पहिल्यापासून. आणि ती जागा आली की उडी मारू नका. जितका वेळ ते फोटो चालले असते, तितका वेळ पडदा कोरा ठेवा."

त्यानं तसंच केलं. खुर्ची पडद्याला जवळजवळ चिकटवून सासरे मान थोडी तिरकी धरून बघत होते. ठिपक्याच्या कडेनं त्यांना दिसायचं. ढग आले नि गेले. मग पडदा कोरा झाला, आणि खोलीत फक्त संध्याकाळचा उजेड उरला.

बायको पोहण्याचा वर्ग शिकवून परस्पर तिथेच आली, ओल्या केसांनिशी. दारातच थांबली.

"बंद पडलं का हो?"

"चालू आहे," तिचे वडील म्हणाले. "ये, बस इथे."

तिनं नवऱ्याकडे बघितलं. त्यानं दुसरी खुर्ची ओढून दिली. ती वडिलांशेजारी बसली, आणि तिघंही त्या कोऱ्या पडद्याकडे बघत राहिली.