चाखायची वाटी

श्रावणात मी मांसमच्छी खात नाही, पण घरात शिजवते. यावर माझ्या माहेरचे, साताऱ्याकडचे लोक नाक मुरडतात. माझं म्हणणं एवढंच, की श्रावण माझा आहे. नवऱ्याला आणि मुलीला रविवारी चिकन लागतं, तर लागू दे. अडचण फक्त मिठाची. शिजवणारीलाच चाखता येत नसेल तर अंदाज किती वेळा बरोबर येणार?

वसईत, माणिकपूरला राहायला आल्यावर ही अडचण समोरच्याच दारात सुटली. तिथे एक निवृत्त शिक्षिका राहतात, मूळच्या इथल्याच वटार गावच्या, कॅथलिक. सगळी इमारत त्यांना टीचर म्हणते. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत त्या मांस तोंडात घालत नाहीत, पण त्यांच्या मिस्टरांना मटणाशिवाय घास उतरत नाही. त्यामुळे श्रावणात माझ्या रश्श्याची वाटी त्यांच्याकडे जायची आणि त्यांच्या उपवासकाळात त्यांची माझ्याकडे यायची. मिस्टर चाखायच्या कामाला कुचकामी, त्यांना सगळंच छान लागतं. बारा वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला होता.

वाटीबरोबर सल्लेही यायचे, न मागता. मी मटणाला हळद-मीठ लावून तासभर ठेवते, हे त्यांना मान्य होतं. पण शिजत्या मटणात नळाचं पाणी ओतताना त्यांनी मला एकदा पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "गरम पाणी घाल गं. थंड पाण्याने मटण दचकतं." कुकरच्या शिट्ट्या मोजणाऱ्या बायकांची त्यांना कीव यायची, मांस हाड सोडू लागलं की झालं, म्हणायच्या. मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. तुम्हा वसईकरांना प्रत्येक रश्श्यात बटाटा कशाला लागतो, असं विचारलं की त्या मला दोन बटाटे जास्त वाढायच्या.

संध्याकाळी साडेसहा झाले की त्यांचा फोन वाजू लागे. विरारला दिलेली मुलगी, गावाकडची भाची, शाळेतल्या जुन्या मैत्रिणी. आज जेवायला काय करू, चिकन सुकं करू की रस्सा, फ्रीजरमधलं मटण अजून दगड आहे. टीचर ओट्याजवळच्या स्टुलावर बसून प्रत्येकीला वेगळं उत्तर देत. भाचीशी त्यांच्या घरच्या बोलीत, मुलीशी मात्र शाळेतल्या मराठीत, कारण मुलीला त्यांनीच वर्गात शिकवलं होतं. बोलीतलं मला निम्मं कळत नसे, पण ऐट बरोबर कळायची.

यंदा उपवासकाळातच त्यांना ताप आला. आठवड्याभरात बऱ्या झाल्या. ईस्टर झाला, तरी त्यांच्या वाट्या येतच राहिल्या. "बघ गं, मीठ कसं आहे?" मला वाटलं, म्हातारीची माया वाढली. मी हावरटासारखं चाटूनपुसून खाल्लं आणि मस्त आहे म्हणून सांगत राहिले.

श्रावणातल्या शेवटच्या रविवारी मी चिकनला मीठ लावलं, आणि रश्श्यात विसरून पुन्हा घातलं. वाटी टीचरांकडे गेली. "अगदी बेताचं," असा निरोप आला. नवऱ्याने पहिला घास घेतला आणि आख्खा तांब्या रिकामा केला. चिडून मी पातेलं उचललं आणि समोर गेले.

"टीचर, तुम्ही चाखलंत की नुसतं बघितलंत?"

त्यांनी माझ्यासमोर चमचाभर रस्सा तोंडात घातला. घोळवताना त्यांचं सगळं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे होतं. मग चमचा खाली ठेवला. "मला काही लागत नाही गं. तापापासून. मीठ नाही, तिखट नाही, वाससुद्धा नाही. रंग बघून सांगितलं तुला."

डॉक्टर म्हणाले होते, चव येईल परत, कदाचित नाही येणार. मिस्टरांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. माझा राग तिथल्या तिथे विरला आणि स्वतःचीच लाज वाटली. मुलीला तरी सांगा, मी म्हटलं.

"आणि मग मला विचारणार कोण?" त्या म्हणाल्या. "जिला चवच नाही तिला कुणी फोन करतं का, आज काय करू म्हणून?"

कुणाला सांगणार नाही, असा शब्द दिला. श्रावण सरल्यावर त्यांच्या चुलीवरचं सगळं मी चाखू लागले.

गणपती झाल्यावरची गोष्ट. मी त्यांच्या स्वयंपाकघरात होते. टीचर मटणाला मसाला चोळत होत्या, म्हणून त्यांच्या मुलीचा फोन आला तो मी स्पीकरवर ठेवला. मुलीकडे सासू-सासरे जेवायला यायचे होते. टीचरांचा भाऊ वटारहून ताडीचं घरचं व्हिनेगर पाठवतो, त्यातली एक बाटली तिच्याकडे गेली होती. त्याचा आंबटपणा दर खेपेला वेगळा. टीचर दरवर्षी बोटावर थेंब घेऊन किती चमचे घालायचे ते सांगत. यंदाही सांगितलं होतं, चार.

"मम्मी, मटणात चारच चमचे घातले," मुलगी रडकुंडीला आली होती. "तोंडात घालवत नाही. तुझ्यासारखं सगळं करते, पण माझ्या हातालाच चव नाही."

टीचरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं चाखत होते, पण व्हिनेगर चाखायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. खरं सांगते, मी मान हलवून त्यांना गप्प राहायला सुचवलं. मुलीने दोष आपणहून घेतला होता.

"तुझ्या हाताला काही झालेलं नाही," टीचर म्हणाल्या. "मलाच चव लागत नाही, सहा महिने झाले. न चाखता सांगितलं मी तुला."

पलीकडे चमचा ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. टीचर मसाल्याचे हात तसेच अधांतरी धरून बसल्या होत्या. आता फोन बंद होणार आणि उद्यापासून वाजणारही नाही, असं मला वाटलं, आणि फार वाईट वाटलं.

"मी सकाळी येते, आपण दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ," मुलगी अखेर म्हणाली. "पण मम्मी, ही माणसं आठला येतील. आता यात काय घालू?"

टीचर फोनकडे वाकल्या. "नारळ आहे ना घरात? घट्ट दूध काढ. गॅस बारीक ठेव. एक कांदा लाल तळून वाट आणि घाल. मग चाख, आणि मला सांग."

"काय सांगू?"

"कसं लागतं ते. सगळं सांग. मी फोन धरून आहे."

त्यांचे हात मसाल्याचे होते, म्हणून त्यांचे डोळे मी पुसले.