शरयूताईंचा राहिलेला बाण

शरयूताई फोन ठेवला की लगेच हलायच्या नाहीत. इथे परदेशात, तांजोंग पगार भागातल्या आमच्या बँकेत त्या माझ्या मॅनेजर. रिसीव्हर ठेवून दोन श्वास तशाच बसायच्या. नवीन असताना मी एकदा विचारलंच. म्हणाल्या, "अरे, बाण सुटला म्हणून लगेच पाठ फिरवायची? थोडं थांबावं त्याच्यापाशी." मला ओ की ठो कळेना. तेव्हा रविवारी मला ओढतच तोआ पायोहच्या एका हॉलमध्ये घेऊन गेल्या.

तिथे त्या क्यूदो, म्हणजे जपानी धनुर्विद्या शिकवायच्या. त्यांचे गुरू जपानला परत गेल्यापासून वर्ग त्यांच्याच गळ्यात होता. धनुष्य माणसापेक्षा उंच. नवशिक्याने महिनोन् महिने पुढ्यातल्या पेंढ्याच्या गठ्ठ्यातच बाण मारायचे. लांबचं लक्ष्य महिन्यातून एकदाच, कारण मोठा हॉल तेवढाच मिळायचा. "नेम चुकला तर चुकू दे मेला! पण कोपर पडलं की परत पेंढ्यापुढे, मग तो कुणी का असेना." हा ताईंचा कायदा. मला त्यांनी आठ महिने पेंढ्यापुढे उभं केलं. चिडलो की डब्यातलं थालीपीठ पुढे करायच्या. "खा, आणि परत उभा राहा."

पाच वर्षांनी धनुष्य खेचताना सगळ्यांच्या अंगाची, कोपराची ठेवण तपासायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. "माझीसुद्धा बघायची हं. तोंडदेखलं नको."

गेल्या वर्षी अशाच एका मोठ्या हॉलच्या रविवारी ताईंनी धनुष्य खेचलं आणि कोपर घसरलं. बाण न सोडताच त्यांनी धनुष्य उतरवलं. दुसऱ्यांदाही तेच. त्याआधी दोन रविवार त्या आल्या नव्हत्या; मला वाटलं, सराव सुटलाय. सगळ्यांसमोर म्हणालो, "ताई, पेंढ्यापुढे." शहाणपणा नुसता! त्यांनी एकदा लांबच्या लक्ष्याकडे पाहिलं, मला वाकून नमस्कार केला आणि त्याच दिवशी आलेल्या एका मुलीशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. मी मनातून थोडा खूशही झालो. लिहिताना लाज वाटते, पण झालो होतो.

चार दिवसांनी त्यांच्या यिशुनच्या घरून यजमानांचा फोन आला. कॅन्सर खांद्याच्या हाडात उतरला होता. डॉक्टरांनी धनुष्याला हात लावू नका म्हणून बजावलं होतं. त्या रविवारी लांबच्या लक्ष्यावर एकच, शेवटचा बाण सोडून येते, असं घरात भांडून त्या आल्या होत्या.

हॉस्पिटलमध्ये मला रडूच कोसळलं. "एका शब्दाने सांगायचं होतंत, ताई!"

"सांगितलं असतं तर तू सोडू दिला असतास. पडलेल्या कोपराने! मग पाच वर्षं तुला काय शिकवलं, माझं कपाळ?" त्या हसल्या. मग भिंतीकडे बघत बारीक आवाजात म्हणाल्या, "पण वाईट वाटलं रे. फार वाटलं."

"पुढच्या वेळी तुमचा बाण मी सोडतो."

"चल! दुसऱ्याचा बाण कुणी सोडतं का?"

महिन्याभराने एका शनिवारी ताई गेल्या. दुसऱ्याच दिवशी मोठा हॉल होता. मी त्यांचंही लक्ष्य लावलं, ओळीत त्यांची जागा ठेवली. त्यांची पाळी आली तेव्हा सगळे थांबलो. त्यांना पेंढ्यापुढे पाठवलं ते माझं बरोबरच होतं, असं सगळे म्हणतात, ताईही म्हणाल्या. मला नको आहे ते बरोबर. संध्याकाळी हॉल रिकामा करताना ताईंच्या लक्ष्याचा कागद मीच उतरवला. त्याला एकही भोक नव्हतं.